गाजरं आणि दुसरा ब्रेक

२ नोव्हेंबर

ही लेकीकडे गेली त्याला आज आठवडा झाला. एकटं पडल्यावर घर खायला उठतं म्हणतात. माझं घर जागचं हललेलं नाही, मीच सकाळपासून उठबस करतोय. चहा केला, उतू घालवला, परत केला. कपाट आवरायला घेतलं तर विमा एजंटाने फुकट दिलेली ही डायरी सापडली. वर्ष संपत आलं तरी कोरी करकरीत. कोणाशी तरी बोलायला हवं म्हणून लिहितोय. भिंतीशी बोललो तर पलीकडचा निवांतराव ऐकेल.

निवांतराव हे नाव मीच ठेवलंय. माणूस घड्याळं दुरुस्त करतो आणि आजवर एकही घड्याळ वेळेवर परत दिलेलं नाही.

मी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकायच्या आत आपण दाबायचा, ही माझी पद्धत. चुकल्यावर दाबणारे मास्तर वेगळे. शाळेच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, ‘अति घाई, संकटात नेई’. गेल्या वर्षी शाळा विकली, गाडी ठेवली. दारात उभी आहे, दोन्ही ब्रेकांसकट.

जाताना हिने नातवाची खेळणी नेली, स्वतःचे गरम कपडे नेले, ते ठीक. पण टेम्पो बोलावून शिलाई मशीन कशाला नेलं ते कळलं नाही. लेकीच्या पडद्यांचं काही काम असेल.

३ नोव्हेंबर

फोन केला. कधी येतेस विचारलं. बघू म्हणाली. बघू हे काय उत्तर झालं?

मागच्या अंगणात बसून विचार केला. जायच्या आदल्या दिवशी झालं ते इतकंच. हिने अंगणात गाजरं पेरली होती. चार बोटं उगवली होती, पण ओळ वेडीवाकडी. मी दोरी बांधली आणि सगळी रोपं उपटून सरळ रेषेत लावून दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. ही भांडली नाही, ओरडली नाही. नळाखाली हात धुतले आणि म्हणाली, “या अंगणात माझ्या हातचं काही उगवायचं नाही.”

खरंच आहे. जमीन मुरमाड, पाऊस केव्हाच संपलेला, नळाला पाणी एक दिवसाआड. कंटाळणारच माणूस. म्हणून मी ठरवलंय. याच कोरड्या अंगणात गाजरं आणि बीट काढून दाखवायचं आणि हिला बोलावून घ्यायचं. लोक म्हणतात गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. मला मोडून खायची नाहीये. मला बायको घरी हवी आहे.

७ नोव्हेंबर

कुदळीने पाठीचे टाके ढिले केले. बियाण्यांच्या दुकानदाराने सांगितलं होतं, हातभर खोल खणा, खडे वेचा, ताजं खत घालू नका, वाफा जमिनीपेक्षा खोलगट ठेवा म्हणजे पाणी वाहून जात नाही. सगळं केलं. खड्यांचा ढीग एवढा झाला की त्यात भिंत उभी राहील. बी पेरलं, अंगठ्याच्या नखाएवढं खोल, वर ओलं गोणपाट. दोरी लावून. ओळ अशी की पोलिसाने सलाम ठोकावा.

दुकानदार म्हणाला, गाजराला उगवायला पंधरवडा लागतो, मधे बघू नका. म्हटलं, बघितल्याने काय दृष्ट लागते?

९ नोव्हेंबर

गोणपाट उचलून पाहिलं. काही नाही.

१० नोव्हेंबर

काही नाही. संध्याकाळीही नाही.

१४ नोव्हेंबर

गोणपाटाला चिकटून बी वर येतंय हे आज लक्षात आलं. बोटाने परत दाबून बसवलं. काही बिया फुटल्यासारख्या वाटल्या, नक्की करायला एक-दोन उकरल्या. फुटलेल्याच होत्या. परत पुरल्या.

निवांतराव भिंतीवर कोपर टेकून बघत होता. म्हणाला, “मास्तर, अंडं उबवताय की सोलताय?” मी गोणपाट परत पसरलं. त्याच्या अंगणात बीट आहे, पाला गुडघ्याला लागतोय. हा माणूस कधी खुरपं हातात घेताना दिसत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, पिंपातलं पाणी वाफ्यात ओततो, वर झाडांखालचा पाचोळा पसरतो आणि आरामखुर्चीत झोपतो. नशीब एकेकाचं.

२३ नोव्हेंबर

पंधरवडा उलटून गेला. तीन रोपं. त्यातलं एक गवत निघालं.

२७ नोव्हेंबर

सगळं मोडून दुसऱ्यांदा पेरलं. या वेळी बीटही लावलं, आणि गाजराच्या ओळीत मधे मधे मुळ्याचं बी टाकलं. मुळा लवकर उगवतो, ओळ कुठे आहे ते कळतं आणि माझा जीव तेवढा रमतो. दोरी मधेच तुटली. नवी आणायला बाजारात जावं तर पाणी जायची वेळ झाली होती. हाताने अंदाजाने पेरलं. ओळ सापासारखी गेलीय. उगवल्यावर सरळ करीन.

गोणपाटावर चार विटा ठेवल्या आणि विटांवर पाण्याने भरलेली बादली. उचलायचं म्हटलं तर कंबर आठवावी.

४ डिसेंबर

सकाळी फोन केला, लेक म्हणाली आई बाजारात गेलीय. परवाही बाजारात होती. रोज सातला कसला बाजार? जावयाला विचारलं तर हसला. आणि म्हणे येताना पिशवी रिकामीच असते. वय झालं, विसरत असेल काय आणायचं ते.

दुपारी हिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मधेच विचारलं, चढावर गाडी मागे सरकायला लागली तर काय करायचं. म्हणे जावईबापू विचारत होते. मला बरं वाटलं. नीट समजावलं, क्लच कुठवर सोडायचा, इंजिनाचा आवाज कसा ओळखायचा, माझ्या एका विद्यार्थ्याने काय घोळ घातला होता, घाटात मी काय केलं होतं. तासभर तरी बोललो असेन. शेवटी बघितलं तर फोन कट झाला होता. नेटवर्क.

१० डिसेंबर

मुळा उगवला! गाजराचे हिरवे केसही दिसतायत. बीटाची लाल देठं. बादली बाजूला केली, गोणपाट काढलं. हिला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

आता रोज सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी. थेंबे थेंबे तळे साचे.

१९ डिसेंबर

आज लेकीवर जरा आवाज चढवला. म्हटलं, पावणेदोन महिने झाले, आईला किती राबवून घ्याल, आता पाठवून द्या.  लेक म्हणाली, “बाबा, आई इथे पाहुणी म्हणून आलेली नाही. तिने मागची खोली लावून घेतलीय. शिवणाचा क्लास घेते. ती राहायला आलीय.”

मी विचारलं, का?

“तिलाच विचारा. पण विचारल्यावर मधे बोलू नका.”

फोन ठेवून मशीनची रिकामी जागा बघून आलो.

२० डिसेंबर

विचारलं. म्हटलं, सांग, माझं काय चुकलं. तिने सुरुवात केली, म्हणाली, “लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही मला गाडी शिकवायला घेतली होती...” मी म्हटलं, तिसऱ्या. दुसऱ्या वर्षी गाडी नव्हतीच आपल्याकडे. तिसऱ्या वर्षी, आणि तूच चार दिवसांत सोडून दिलंस.

ती म्हणाली, “राहू दे.”

आता तारीख चुकीची होती ती सांगायची नाही का? दिवसभर डोक्यात तेच. तेव्हा तिने गाडी का सोडली ते आठवून बघितलं. ब्रेक मी दाबायचो, ती दचकायची, गाडी बंद पडायची. सगळेच दचकतात. मागून लोक हॉर्न वाजवायचे. चौथ्या दिवशी चावी माझ्या हातात देऊन घरापर्यंत चालत गेली. मला वाटलं होतं, हिला आवड नाही.

जेवलो नाही. भूक नव्हती म्हणून, रुसून नाही.

१ जानेवारी

डायरी संपली, पण पुढची पानं, म्हणजे गेल्या जानेवारीची, कोरीच आहेत. तीच वापरतो.

मुळा काढला. बोटाएवढा, तिखट जाळ, आणि सगळी मुळं वरच्या वर पसरलेली, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. गाजराचं काय चाललंय बघावं म्हणून एक उपटलं. उंदराच्या शेपटीएवढं. परत लावलं.

३ जानेवारी

परत लावलेलं मेलं. दुसरं उपटून पाहिलं. तेवढंच.

५ जानेवारी

आणखी एक. मला स्वतःलाच राग येतोय पण हात थांबत नाही. बसलं की पाय जमिनीवर दाबतोय असं वाटतं, उठलं की अंगणात जातो, अंगणात गेलं की खाली वाकतो. ही म्हणायची, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझ्या आईसमोर म्हणायची आणि आईसुद्धा हसायची.

६ जानेवारी

निवांतरावाने भिंतीवरून एक बीट दिलं. मुठीएवढं, गोल, चाकूने कापलं तर आत रंग सांडला. मी विचारलं, करतोस काय नेमकं? तो डोकं खाजवत म्हणाला, “मास्तर, खरं सांगू? मला कंटाळा येतो. एकदा भरपूर पाणी घालतो आणि विसरतो. वर ओल नसली की मूळ खाली शोधायला जात असेल बिचारं. तुम्ही रोज तोंडाशी आणून देता, ते कशाला खाली जाईल?”

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आजवर दुसऱ्यांना म्हणत आलो. आज मागच्या पायरीवर बसून राहिलो. माझ्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसं परीक्षा पास झाल्यावर गाडी घ्यायला घाबरायची. मास्तर, तुम्ही शेजारी बसाल का, म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

७ जानेवारी, रविवार

वाफे काठोकाठ भरले. मुरलं, पुन्हा भरले. वर निवांतरावाकडचा पाचोळा, चार बोटं जाड. मग मागच्या दाराला कुलूप लावलं आणि चावी त्याच्या हातात दिली. म्हटलं, रविवारी सकाळी द्यायची, पाणी झालं की परत घ्यायची, मधे मी पाया पडलो तरी द्यायची नाही. तो म्हणाला, असली कामं मला जमतात.

१० जानेवारी

चावी मागायला तीनदा निवांतरावाच्या दारात गेलो. दिली नाही. तिसऱ्या वेळी त्याने डोळेही उघडले नाहीत.

न्हाणीघराच्या खिडकीतून वाफ्याचा कोपरा दिसतो. बादली पालथी घालून वर उभं राहावं लागतं. त्या कोपऱ्यात ओळीचं वळण दिसतं. फार वाकडं आहे. सरळ करायचं राहून गेलं.

१४ जानेवारी

चावी आली. पाणी घातलं. चावी गेली. पाला वाढलाय. एकही उपटलं नाही, फक्त पाचोळ्यात बोट घालून पाहिलं. खाली गार लागलं.

२१ जानेवारी, रविवार

निवांतराव नाही. दाराला कुलूप. समोरची दुकानदारीण म्हणाली, काल मेहुण्याकडे गेला, मेहुणा आजारी आहे. चावी खिशात घालून गेला असणार. त्याचा फोन लागत नाही. लागेल कसा, चार्ज करायचा कंटाळा.

२३ जानेवारी

दुपारी खिडकीतून पाहिलं तर बीटाची पानं लोळलेली. संध्याकाळी परत उभी. मला कळेना, हे जगतायत की मरतायत.

२५ जानेवारी

आज दुपारी सगळ्यांनीच माना टाकल्या. हातोडी काढली. कुलूप माझं, दार माझं, अंगण माझं. मग वाटलं, एकदा हिला सांगावं. का वाटलं माहीत नाही. फोन लावला आणि एका दमात सगळं बोललो. कुलूप, चावी, मेहुणा, पाणी, पानं. म्हटलं, ही गाजरं तुझ्यासाठी लावली होती, ती मेली तर तू यायचं काही कारणच उरणार नाही. आता तोडतो कुलूप.

ती म्हणाली, “कुलूप तोडू नका.”

मी म्हणणार होतो की तुला इथली परिस्थिती माहीत नाही. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, बरं.

 तिने फोन ठेवला नाही. तिच्याकडे मशीनचा आवाज येत होता, कोणीतरी मुलगी टीप घालत असावी, अडखळत, थांबत. ही तिला काही सांगत नव्हती. मी ऐकत बसलो.

हातोडी परत पेटीत टाकली.

२९ जानेवारी

निवांतराव उगवला. पाण्याचा दुसरा रविवारही काल टळून गेला होता. चावी पॅंटच्या खिशात, पॅंट धुवायला टाकलेली. मेहुणा बरा आहे. मी भांडायचं ठरवलं होतं, पण दार उघडलं आणि विसरलो. दोन-चार रोपं गेलीत, बाकी सगळी उभी. बीटाचे खांदे मातीतून वर आलेत, लाल, फुगलेले. गाजराच्या पाल्याखाली माती फुटलीय.

उपटलं नाही. पाणी घातलं आणि चावी देऊन टाकली. पाठ फिरवली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. धूळ नव्हती, उगाच कशाला खोटं लिहू.

११ फेब्रुवारी

हिचा फोन. विचारलं, उतारावर गाडी फार पळायला लागली तर? मी श्वास घेतला. घाटाची गोष्ट ओठांवर होती. म्हटलं, खालचा गिअर टाक, बाकी तुला कळेल.

“एवढंच?” ती म्हणाली.

एवढंच.

ती हसली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जावईबापूंचं नाव आज तिने घेतलं नव्हतं आणि मीही टाक म्हणालो, टाकायला सांग म्हणालो नाही. हे काय गौडबंगाल आहे? विचारावंसं फार वाटलं. नाही विचारलं.

१ मार्च

ही आज सकाळच्या बसने आली. कळवलं नव्हतं. हातात एकच छोटी पिशवी, ती मी आधी पाहिली. राहायला आलेल्या माणसाची पिशवी नव्हती ती.

चहासुद्धा न घेता मागच्या दाराशी गेली. मी चावी आणली. निवांतराव भिंतीवरून म्हणाला, “वहिनी, हे बघा, मी काही केलं नाही,” आणि आत निघून गेला. ती वाफ्यापाशी बसली. बराच वेळ ओळीकडे बघत होती.

“वाकडी आहे.”

“हो.”

“सरळ नाही केलीत?”

“नाही.”

तिने पाल्याला धरून हलकेच ओढलं. गाजर येईना. मी हात पुढे केला आणि परत मागे घेतला. तिने बोटांनी माती मोकळी केली, पुन्हा ओढलं आणि ते आलं, वीतभर लांब, खाली एका खड्याला वळसा घालून गेलेलं. तिने पदराला पुसलं, मोडलं, अर्धं मला दिलं. गोड होतं. अंगणात उभं राहून आम्ही दोघांनी ते खाल्लं.

मग निम्मं काढलं. गाजरं, बीट, सगळं टोपलीत. बीटं काही टेनिसच्या चेंडूएवढी, काही लिंबाएवढी. निम्मं तिने मुद्दाम मातीतच ठेवलं. म्हणाली, टोपलीतली लेकीकडे नेऊ, नातवाला दाखवू, तुम्हीही चला. मी म्हटलं, चल, गाडी काढतो. तिने हात पुढे केला.

मला कळेना. ती हात तसाच धरून उभी. मग सकाळी सातचा बाजार, रिकामी पिशवी, चढ, उतार, जावयाचं हसू, सगळं एकदम डोक्यात आलं. म्हटलं, तू? म्हणाली, “परीक्षा गेल्या महिन्यात पास झाले. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास.”

चावी दिली.

ती चालवायला बसली, सीट पुढे ओढली, आरसा हलवून घेतला. मी शेजारी बसलो. पायाखाली तो ब्रेक. पाय आपोआप त्याच्यावर गेला, आयुष्यभर तिथेच होता. तिने माझ्या पायाकडे पाहिलं. चावी फिरवली नाही.

मी चपला काढल्या. पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली आणि टोपली मांडीवर घेतली.

तिने गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी चढ आहे, तिथे बंद पडली आणि मागे सरकली. मागून हॉर्न. मी टोपलीचे कान घट्ट धरले आणि बीट मोजायला लागलो. तिने ब्रेक लावला, परत सुरू केली, क्लच सोडला, जरा धक्का बसला आणि गाडी चढली. दोन गाजरं खाली पडली. ती उचलायला मी वाकलो नाही, वाकलो असतो तर पाय खाली गेला असता.

गावाबाहेर पडल्यावर तिने विचारलं, राहिलेल्यांना पाणी कधी असतं? म्हटलं, रविवारी. 

“मग शनिवारी निघू तिथून,” ती म्हणाली. “मशीन मागच्या सीटवर मावेल का?”

मावेल म्हटलं. कसं ठेवायचं ते नाही सांगितलं. तोवर पायाला मुंग्या आल्या होत्या, पण लेकीचं घर येईपर्यंत मांडी सोडली नाही.